पांढऱ्या कुंडीला भोक पाडावे का?

लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना परिसरात बारा वर्षांपासून राहणाऱ्या एका मराठी भगिनींचे पत्र आले आहे. टाळेबंदीनंतर शेजारच्या एका घरातील सामानाच्या विक्रीत, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘इस्टेट सेल’मध्ये, त्यांनी एक जुनी पांढरी कुंडी घेतली आणि तेव्हापासून त्यांना १९५० ते १९७० या काळातल्या, ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुंड्यांचा नाद लागला. आज त्यांच्याकडे ३१ कुंड्या आहेत. त्यांपैकी चार ‘आर्किटेक्चरल पॉटरी’ या जुन्या कंपनीच्या असाव्यात असा त्यांचा अंदाज आहे, दोन स्विस बनावटीच्या सिमेंटच्या आहेत आणि बाकीच्या गेनी, बाउअर, मॅककॉय या कारखान्यांच्या किंवा बिनशिक्क्याच्या आहेत. निम्म्याहून अधिक गॅरेजमध्ये रिकाम्या पडून आहेत. यजमानांचे म्हणणे असे की दोन ठेवाव्यात आणि बाकीच्या विकून टाकाव्यात. भगिनींचे म्हणणे असे की ही गुंतवणूक आहे आणि भाव वाढतच जाणार. अशात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईंनी दारासमोरच्या सर्वांत मोठ्या पांढऱ्या कुंडीत तुळस लावण्याचे ठरवले. कुंडीला भोक नाही आणि पाडले तर किंमत उतरेल, म्हणून भगिनींनी नकार दिला. ‘झाडापेक्षा कुंडी मोठी झाली होय?’ एवढेच आई म्हणाल्या आणि त्या दिवसापासून तो विषय त्यांनी काढलेला नाही. भोक पाडावे का, तळाशी खडे घालून भागेल का, कुंड्या विकाव्यात की राखाव्यात आणि आईंची समजूत कशी घालावी, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या चारही प्रश्नांकडे वळण्याआधी, तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीचे उत्तर देणे मला भाग आहे, कारण त्यात थांबायला वेळ नाही. त्या दोन सिमेंटच्या कुंड्यांना ड्रिल लावू नका. विली गूल या स्विस डिझायनरने १९५०च्या दशकात एटर्निट कंपनीसाठी ज्या कुंड्या घडवल्या, त्या फायबर-सिमेंटच्या होत्या आणि त्या काळातल्या फायबर-सिमेंटमधला धागा अ‍ॅस्बेस्टॉसचा, म्हणजे फुप्फुसांना घातक अशा खनिजाचा असे. आपल्याकडे ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात, त्याचेच हे देखणे भावंड आहे. डमरूसारख्या आकाराची किंवा रुमालाची टोके उचलून धरावीत तशी दिसणारी अशी जुनी कुंडी असेल, तर ती अ‍ॅस्बेस्टॉसयुक्तच आहे असे समजून वागावे. अखंड, भुगा न सुटणाऱ्या कुंडीजवळून जाता-येता काही होत नाही. धोका असतो तो भोक पाडण्यात, घासण्यात, कोरड्या ब्रशने शेवाळ खरवडण्यात आणि प्रेशर वॉशरच्या फवाऱ्यात, कारण तेव्हा धागे सुटून श्वासावाटे आत जातात. उन्हापावसात पृष्ठभाग खडबडीत होऊन हाताला भुकटी लागत असेल, तर ती कुंडी घरात ठेवू नका, विकू नका आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. ती ओली करून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि घातक कचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या तुमच्या काउंटीच्या विभागाला विचारून मगच तिची विल्हेवाट लावा. तसेच दिसणारे, अ‍ॅस्बेस्टॉस नसलेले नवे नमुने बाजारात मिळतात. त्यांची किंमत संग्राहकांच्या लेखी कमी असेल, पण तुमच्या घरात आई आहेत आणि तुम्ही आहात.

आता पांढऱ्या कुंडीकडे येऊ. तिला भोक पाडल्यास किंमत जाईल, या तुमच्या वाक्यात दोन गृहीतके आहेत. पहिले, ती कुंडी तुम्ही समजता तीच आहे. दुसरे, तिची किंमत म्हणजे कोणीतरी उद्या देईल ती रक्कम.

पहिल्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखे पत्र लिहिणारे इतरही वाचक इथेच चकतात. तुम्ही राहता त्याच पॅसाडेनात या कुंड्यांचा उगम आहे. तिथल्या कॅलिफोर्निया स्कूल ऑफ आर्टमध्ये लागार्डो टॅकेट मातीकाम शिकवत आणि जॉन फॉलिस व रेक्स गूड हे त्यांचे विद्यार्थी होते. काचेच्या भिंती आणि सपाट छपरे असलेली नवी घरे त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियात उभी राहत होती. ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाने १९४५ मध्ये सुरू केलेला ‘केस स्टडी हाउसेस’चा उपक्रम १९६६ पर्यंत चालला, आणि त्या घरांच्या पायरीवर वेलबुट्टी कोरलेली इटालियन थाटाची लाल कुंडी ठेवली तर ती नऊवारीवर हॅट घातल्यासारखी दिसली असती. विद्यार्थ्यांनी घडवलेले साधे नळकांडे, भोपळा आणि शंकूचे आकार मॅक्स आणि रीटा लॉरेन्स या दांपत्याला इतके पटले की त्यांनी १९५० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आर्किटेक्चरल पॉटरी ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या ‘गुड डिझाइन’ प्रदर्शनात त्यांच्या कुंड्या मांडल्या गेल्या.

अडचण अशी की साधेपणाची नक्कल करणे सर्वांत सोपे असते. नळकांड्यासारखी पांढरी कुंडी त्यानंतर अनेक कारखान्यांनी काढली आणि आर्किटेक्चरल पॉटरीच्या अनेक अस्सल कुंड्यांवरही आज शिक्का आढळत नाही. त्यामुळे ‘शिक्का नाही, पांढरी आहे, म्हणजे तीच’ हा बाजारातला युक्तिवाद तुम्ही मनावर घेऊ नये. तुमच्या चार कुंड्या उलट्या करा, तळाचा व्यास, तोंडाचा व्यास, उंची आणि काठाची जाडी मोजून वहीत लिहा आणि कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधल्या मापांशी ताडून पाहा. अस्सल कुंडीवरून साचा काढून केलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते, कारण माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते. मॅककॉयच्या शिक्क्यासकट केलेल्या नकला अशाच पकडल्या जातात. ला व्हर्नच्या गेनी कारखान्याचे काम त्या मानाने सोपे आहे, कारण तळाशी बहुधा नाव आणि नमुन्याचा क्रमांक उमटवलेला असतो. बाउअरचा कारखाना १९६२ मध्ये बंद झाला. हे नाव पुढे नव्या मालावरही आले आहे, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

मोजमाप जुळले आणि कुंडी खरोखरच दुर्मीळ निघाली, तर तिला भोक पाडू नका, कारण पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही. मात्र गेनीची नेहमीच्या मापाची किंवा बिनशिक्क्याची कुंडी असेल, तर तुम्ही उगाचच धास्तावला आहात. अशा कुंड्या विकत घेणारे बहुतेक लोक झाडे लावणारे असतात आणि नीट पाडलेले भोक त्यांना दोष वाटत नाही, उलट एक काम वाचले असे वाटते. भोक पाडायचे झाल्यास कुंडी जाड घडी केलेल्या टॉवेलवर पालथी ठेवावी, खुणेवर चिकटपट्टी लावावी, हिऱ्याची कणी बसवलेले गोल बिट वापरावे, ड्रिल मशीनचा हॅमर आवर्जून बंद ठेवावा, वेग मंद ठेवावा आणि बिटाच्या टोकाशी सतत थोडे थोडे पाणी सोडत राहावे. बिट प्रथम तिरके धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडली की ते घसरत नाही. मग सावकाश सरळ करावे आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला हाताचा भार जवळजवळ काढून घ्यावा, कारण कपच्या तिथेच उडतात. पहिला प्रयोग आर्किटेक्चरल पॉटरीवर नव्हे, तर गॅरेजमधल्या सर्वांत कुरूप कुंडीवर करावा, हे मी वेगळे सांगायला नको.

तळाशी खड्यांचा थर दिल्याने भागेल का, असे तुम्ही विचारता. हा समज आपल्याकडेही घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते मातीतच अडून राहते. खडे घातल्याने पाणथळ भाग नाहीसा होत नाही, उलट तो मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोक नसलेल्या कुंडीत जे पाणी गेले ते उन्हाने आणि झाडाने घेईपर्यंत तिथेच राहते. तुमच्या आई तुळशीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणार, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. खडे असोत वा नसोत, त्या कुंडीत तुळशीची मुळे कुजतील.

पण तुळशीच्या बाबतीत भोकाहून मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती तुमच्या पत्रात आलेली नाही. त्या काळातल्या झिलईत, म्हणजे कुंडीवरच्या काचेसारख्या चकचकीत लेपात, शिसे असण्याची शक्यता असते. शोभेच्या झाडासाठी त्याने फारसे बिघडत नाही, मात्र तुळस हे शोभेचे झाड नव्हे. तिची पाने नैवेद्यावर ठेवली जातात, तीर्थात पडतात आणि खोकला झाला की आल्याबरोबर उकळली जातात. ज्याचे पान पोटात जाणार ते झाड जुन्या, झिलई दिलेल्या कुंडीत थेट मातीत लावू नये, हा नियम कोथिंबीर, पुदिना आणि गवती चहा लावणाऱ्या सर्वांनीच पाळावा. बाजारात मिळणाऱ्या घरगुती तपासणीच्या कांड्या फक्त पृष्ठभागावरचे सांगतात, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नये.

तेव्हा माझी सूचना अशी की तुळस नव्या, बिनझिलईच्या, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावावी आणि ती कुंडी पांढऱ्या कुंडीच्या आत उतरवावी. आत तळाशी एक वीट किंवा पालथी ताटली ठेवावी, म्हणजे आतल्या कुंडीचा काठ पांढऱ्या काठाच्या दोन बोटे वर येईल आणि निथळलेले पाणी मुळांना लागणार नाही. आठवड्यातून दोनदा आतली कुंडी उचलून साठलेले पाणी ओतून टाकावे. यात तडजोड अशी काही नाही, कारण तुळशीला हेच अधिक मानवेल. १६ इंच व्यासाच्या आणि १४ इंच उंचीच्या कुंडीत सुमारे ४६ लिटर माती बसते आणि ती ओली झाली की पन्नास-साठ किलोंहून अधिक भरते. डिसेंबर-जानेवारीत पॅसाडेनात रात्री पारा दहा अंशांखाली जातो तेव्हा तुळस घरात घ्यावी लागते, आणि तेवढे ओझे आई तर नाहीच, यजमानही उचलणार नाहीत. आतली छोटी कुंडी मात्र एका हाताने आत येईल.

आणखी एक बारीक गोष्ट. आई तुळशीला हळदीकुंकू वाहणार आणि ओल्या बोटांचे दोन ठिपके कुंडीच्या अंगावरही ओढणार. झिलई नसलेल्या पांढऱ्या भाजक्या मातीत हळद मुरली की ती निघत नाही. वर आलेला तो दोन बोटांचा लाल काठ त्यासाठीच आहे. तिथे गेरूही शोभेल आणि कार्तिकात लग्न लावायची वेळ आलीच, तर ऊसही तिथेच टेकवता येईल.

मात्र ही सगळी व्यवस्था आईंना सांगण्यापूर्वी त्यांना एक प्रश्न विचारा. त्यांना ती पांढरी कुंडीच हवी होती, की दारासमोरची ती जागा? सांगलीच्या घरात तुळस अंगणात, येणाऱ्याला पहिली दिसेल अशी असणार. तुमच्या घरात त्या जागी एक सुंदर वस्तू रिकामी उभी आहे, आणि रिकामी का ठेवली आहे हे आईंना कोणी सांगितलेले नाही. सांगितले ते एवढेच की भोक पाडले तर किंमत उतरेल. त्यांच्या कानांवर त्यातला फक्त ‘किंमत’ हा शब्द पडला असेल, तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. तुमची बाजूही मला कळते. माझ्या आजीच्या लोणच्याच्या तीन बरण्या माझ्याकडे आहेत, त्यांत मी लोणचे घालत नाही आणि घालू पाहणाऱ्याला घालूही देत नाही. त्याचे समर्थन मला आजवर कधी धड करता आलेले नाही. मात्र माझ्याकडे बरण्या तीनच आहेत, एकतीस नाहीत.

त्यावरून गुंतवणुकीच्या प्रश्नाकडे वळतो. भाव वाढत जाणार हे तुम्ही कशावरून ठरवले? लोक वेबसाइटवर जी किंमत लावतात ती मागितलेली किंमत असते. मिळालेली किंमत झालेल्या विक्रीच्या नोंदींत दिसते आणि या दोहोंत बरेच अंतर असते. लिलावात विकायचे तर विक्रेत्याचे कमिशन जाते, टपालाने पाठवायचे तर खोकी आणि वाहतूक महाग पडते आणि वाटेत एक तडा गेला की व्यवहार संपतो. जुने आकार नव्याने काढणाऱ्या कंपन्याही आहेत, त्यामुळे नुसता आकार आवडणारा ग्राहक जुन्यासाठी जास्त पैसे मोजेनासा होतो. ज्यांची ओळख कागदावर पटते अशा मोजक्या कुंड्यांना भाव राहील असे मला वाटते, बाकीच्यांबद्दल मी तसे म्हणणार नाही. शिवाय गॅरेजमध्ये एकात एक घालून ठेवलेल्या कुंड्यांचे काठ दर हालचालीला घासतात. गुंतवणूक अशी ठेवत नाहीत, अडगळ अशी ठेवतात. यजमानांचे ‘दोन ठेव’ हे मला पटत नाही, पण त्यांना काय दिसते आहे हे मला दिसते.

दोन हा आकडा कुठून आला हे त्यांनाही सांगता येणार नाही, म्हणून आकड्यावर वाद घालू नका. प्रत्येक कुंडीपुढे उभे राहून तीत आज कोणते झाड लावणार, किंवा झाडाविना ती कुठे ठेवणार, हे ठरवा. ज्या कुंडीसाठी या दोहोंपैकी एकही उत्तर सुचत नाही ती जाऊ द्या. घर, भिंत आणि झाड यांच्या सोबतीने पाहण्यासाठी हे आकार घडवले गेले. पानांचा हिरवा भार वर नसेल तर त्या नळकांड्याचा तोल डोळ्यांना अपुराच वाटतो, हे तुमच्याही लक्षात आले असेल. ज्या राहतील त्यांची नीट नोंद ठेवा: चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो, मापे, कुठून आणि कितीला घेतली ते. उद्या विमा काढायचा झाला किंवा विकायची वेळ आली, तर हीच वही कामाला येईल. तुमच्या भागातले पाणी जड आहे, त्यामुळे झिलई नसलेल्या कुंड्यांवर क्षारांची पांढरी पुटे चढणारच. ती कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने निघतील तेवढीच काढावीत, झिलईला केसासारखे तडे असतील तिथे ब्लीच आणि व्हिनेगर दोन्ही टाळावे. आणि लोखंडी तिवईवर उभ्या केलेल्या उंच कुंड्या जाण्यायेण्याच्या वाटेवर किंवा फळीवर ठेवू नका. तुमच्या दारी भूकंप नवा नाही. १९९४चा नॉर्थरिजचा धक्का आठवणारे शेजारी तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

ज्या ठेवायच्या नाहीत त्या कुंड्या घेऊन तुम्ही पॅसाडेनातल्या ‘रोझ बोल’ मैदानावरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात जाऊ शकता. तो महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतो आणि तुम्हाला तो ठाऊक असणारच. विकायला गेलात की घ्यायचाही मोह होणार, म्हणून एक सुचवतो: आईंना बरोबर न्या. टिचकी मारून, खणखणीत वाजले तरच मडके घ्यायचे आणि बद्द आवाज आला तर खाली ठेवायचे, हे त्यांच्या पिढीला शिकवावे लागले नाही. झिलईखाली लपलेली चीर तुम्हाला चष्म्यातून दिसण्याआधी त्यांना ऐकू येईल. उन्हे चढायच्या आत पोहोचा आणि रोख पैसे जवळ ठेवा.